पेशीतले अडकलेले टपाल

जिल्हा रुग्णालयाच्या बालरोग विभागात पाय ताठ असलेले, चालायला उशीर झालेले मूल आणले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘जन्मल्यावर लगेच रडले होते का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर केसपेपरवर ‘सेरेब्रल पाल्सी’ असे लिहिले जाते आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. प्रसूतीच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडणे, दिवस पूर्ण होण्याआधीचा जन्म, पहिल्या आठवड्यातली तीव्र कावीळ, मेंदूज्वर ही आपल्याकडची मोठी कारणे आहेत. अडचण होते ती उत्तर ‘हो’ आले तर. बाळ लगेच रडले, वजन चांगले होते, तिसऱ्या दिवशी घरी गेले. तरीही केसपेपरवर तेच दोन शब्द उमटतात, कारण मूल तसेच दिसते. एकदा ते लिहिले गेले की पुढची दहा वर्षे प्रत्येक नवा डॉक्टर ते मागच्या कागदावरून उतरवून घेतो.

अशा मुलांपैकी काहींच्या बाबतीत जन्माच्या वेळी काहीच बिघडलेले नसते. बिघाड गर्भ राहिल्यापासून प्रत्येक पेशीत असतो आणि तो असतो एका साध्या वाटणाऱ्या कामात. पेशीत तयार झालेले प्रथिन योग्य ठिकाणी पोचवायचे, एवढेच ते काम. प्रथिन बनते, पण पोचत नाही. इतर बहुतेक पेशी यातून कसाबसा मार्ग काढतात. हालचालीची आज्ञा वाहून नेणाऱ्या लांबलचक चेतापेशींना मात्र ते जमत नाही.

‘अवघड बाळंतपणामुळे मूल असे झाले’ हा समज वैद्यकातही जुनाच आहे. लंडनचे शल्यविशारद विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये ताठ हातापायांच्या मुलांचा संबंध बाळंतपणातल्या अडचणींशी जोडला आणि तो सर्वमान्य झाला. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी त्यावर शंका काढली. मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध होण्यापूर्वी ते मज्जासंस्थेचे डॉक्टर होते, हे सहसा कुणाच्या लक्षात नसते. त्यांचे म्हणणे असे की, काही वेळा अवघड बाळंतपण हे मुळात कारण नसेलच. गर्भातच असलेल्या बिघाडाचे ते एक लक्षण असेल. ही शंका पुढे कित्येक दशके बाजूला पडून राहिली.

चेतापेशीची अडचण समजण्यासाठी तिची लांबी डोळ्यांसमोर आणायला हवी. मेंदूच्या पृष्ठभागापासून पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकापर्यंत, म्हणजे पायाला हुकूम देण्यासाठी, जी चेतापेशी जाते तिचा तंतू उंच माणसात सुमारे मीटरभर असू शकतो. पेशीचे मूळ शरीर मात्र मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे. हे प्रमाण मोठे करून पाहिले तर असे दिसते : पेशीचे शरीर पुण्यातले पाच मीटर रुंदीचे घर मानले, तर तिचा तंतू शंभर किलोमीटर लांब, म्हणजे जवळपास साताऱ्यापर्यंत जाईल. साताऱ्याला लागणारे बहुतेक सामान पुण्याच्या त्या एका खोलीत तयार होते. कारण जनुके ठेवलेले केंद्रक तिथेच आहे.

शाळेतल्या जीवशास्त्रात आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी पिंड अशी नावे पाठ केलेली असतात. परीक्षा झाली की ती विसरली जातात. पेशीबाहेर किंवा पेशीच्या पटलावर जायची प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेत बनतात, तिथे त्यांची नीट घडी बसते, मग ती गॉल्गीकडे जातात. गॉल्गीचे टोक म्हणजे रेल्वे स्टेशनातले आरएमएसचे टपाल कार्यालय. तिथे पत्ते वाचून टपाल वेगळे होते आणि सूक्ष्म पिशव्यांत भरून रवाना होते. ही पिशव्यांची व्यवस्था कोणत्या जनुकांवर चालते, हे रँडी शेकमन यांनी साध्या यीस्टमध्ये शोधले. जनुक बिघडवलेल्या यीस्टमध्ये न पोचलेल्या पिशव्यांचे ढीग साचलेले दिसत. या कामासाठी त्यांना जेम्स रॉथमन आणि थॉमस झ्युडॉफ यांच्यासह २०१३ चे नोबेल मिळाले.

पिशवी भरली की ती ओढून न्यायला कुणी तरी हवे. तंतूच्या आत बारीक नळ्यांचे रूळ असतात आणि त्यांवर ‘कायनेसिन’ नावाची प्रथिने अक्षरशः पावले टाकत चालतात. एक पाऊल मिलिमीटरच्या सव्वालाखाव्या भागाएवढे. तरीही जलद वाहतुकीचा वेग दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे मीटरभर तंतूच्या टोकाला पोचायला अडीच दिवस. हे कायनेसिन १९८५ मध्ये समुद्री स्क्विडच्या जाडजूड चेतातंतूत सापडले. त्याच कुळातल्या एका प्रथिनाची ओळख पटली ती मिलिमीटरभर लांबीच्या, काचेसारख्या पारदर्शक कृमीत. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये या कृमीचे अनेक बिघडलेले वाण वेगळे केले. ज्यांना धड वळवळता येत नव्हते, ताळमेळ नसल्यासारखे जे हलत, त्यांच्या जनुकांना त्यांनी ‘अन्क’ असे नाव देऊन क्रमांक दिले. त्यातल्या ‘अन्क-१०४’ मध्ये पुढे जे प्रथिन सापडले, त्याचा माणसातला भाऊबंद म्हणजे ‘केआयएफ१ए’. त्यात दोष असला की मुलांचे पाय ताठ होतात. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा याच कृमीच्या जिवंत चेतातंतूतली वाहतूक सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आली आहे. याच संस्थेत असताना रूप मलिक यांनी लेझरच्या चिमट्यात धरून या ओझेवाल्या प्रथिनांची ताकद मोजली. त्या कामासाठी त्यांना २०१८ चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले. वळवळता न येणारी कृमी आणि चालता न येणारे मूल यांच्यात एका जनुकाचे नाते आहे, हे ऐकायला विचित्र वाटते. पण या क्षेत्रातली बरीचशी समज अशाच वाटेने आली आहे.

आता त्या टपाल कार्यालयाकडे परत यायचे. तिथे पत्ते वाचून टपाल वेगळे करणाऱ्यांमध्ये ‘एपी-४’ नावाचा चार तुकड्यांचा प्रथिनसमूह आहे. चार तुकड्यांसाठी चार जनुके. खाटेचा एक खूर मोडला की खाट वापरता येत नाही, तसे चारपैकी कोणतेही एक जनुक निकामी झाले की पूर्ण समूहच कोलमडतो. म्हणून चार वेगवेगळ्या जनुकांतले दोष असूनही आजार जवळजवळ एकसारखाच दिसतो. त्यांना एसपीजी-४७, ५०, ५१ आणि ५२ असे क्रमांक आहेत. २०१७-१८ च्या सुमारास कळले की एपी-४ ज्याला वाट दाखवते त्यात ‘एटीजी-९ए’ हे प्रथिन महत्त्वाचे आहे. पेशीतला कचरा गोळा करून त्याचा पुनर्वापर करणारी यंत्रणा उभी करायला ते लागते. एपी-४ नसले की एटीजी-९ए गॉल्गीच्या तोंडाशीच अडकून पडते. प्रथिन भरपूर बनलेले असते, पण तंतूच्या दूरच्या टोकाला त्याचा तुटवडा असतो. तिथे सफाई थांबते, तंतू जागोजागी फुगतो.

या मुलांची गोष्ट बहुधा एकाच क्रमाने पुढे जाते. पहिल्या वर्षी बाळ ढिले असते, मान उशिरा धरते, उशिरा बसते. डोके वयाच्या मानाने लहान राहते. पहिल्या दोनेक वर्षांत झटके येतात, पुष्कळदा तापात. काही मुले आधाराने किंवा आधाराशिवाय चालू लागतात आणि घरच्यांच्या जिवात जीव येतो. मग हळूहळू पाय ताठ व्हायला लागतात, टाचा उचलल्या जातात, गुडघे एकमेकांवर घासतात. मिळवलेली चाल पुन्हा जाते. पुढे हातही आखडतात. बोलणे मोजक्या शब्दांवर थांबते. मुले स्वभावाने मात्र बऱ्याचदा हसरी आणि लाघवी असतात. एमआरआयमध्ये मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा पट्टा पातळ दिसतो. प्राणवायू कमी पडल्याच्या खुणा दिसत नाहीत.

या वर्णनात एक गोष्ट सेरेब्रल पाल्सीच्या व्याख्येतच बसत नाही. सेरेब्रल पाल्सी म्हणजे एकदा झालेली इजा. ती पुढे वाढत नाही. मुलाची वाढ होताना स्नायू आखडतात, त्यामुळे चालणे बिघडू शकते, पण आधी ढिले असलेले मूल वर्षागणिक ताठ होत जावे, येत असलेल्या गोष्टी जाव्यात, हे तिचे लक्षण नव्हे. तरीही गल्लत होते आणि ती फक्त लहान गावातल्या दवाखान्यात होते असेही नाही. एपी-४ च्या दोषाचे पहिले वर्णन २००९ मध्ये मोरोक्कन वंशाच्या एका कुटुंबातल्या भावंडांवरून झाले. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच सेरेब्रल पाल्सीचा उल्लेख आहे, इतके ते चित्र तिच्याशी मिळतेजुळते होते.

नाव बदलल्याने काय फरक पडतो, असा प्रश्न फिजिओथेरपीच्या रांगेत बसलेला बाप विचारतो आणि तो रास्त आहे. व्यायाम तेच, औषधे जवळपास तीच. फरक पडतो तो पुढच्या बाळंतपणात. सेरेब्रल पाल्सी असेल तर ‘पुढचे मूल चांगले होईल, काळजी करू नका’ असे सांगितले जाते. एपी-४ चा आजार असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढी शक्यता असते. आई आणि वडील दोघांकडे त्या जनुकाची एक बिघडलेली आणि एक चांगली प्रत असते. दोघेही ठणठणीत असतात. दोघांची बिघडलेली प्रत एकाच बाळात आली की आजार होतो. दुसरे मूलही तसेच निघाल्यावर मगच जनुकीय तपासणीचा विषय निघावा, हे आपल्या व्यवस्थेचे खरे अपयश म्हणायला हवे. नेमका दोष माहीत असेल तर पुढच्या खेपेला ११ ते १३ व्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते. दोष माहीत नसेल तर सोनोग्राफी कितीही चांगली असली तरी तिला हा आजार गर्भात दिसेल अशी आशा धरता येत नाही.

महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची रीत अनेक समाजांत आजही आहे. अशा लग्नात नवरा-बायकोला एकाच आजोबांकडून तीच बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता वाढते. नात्यात लग्न केले नाही म्हणजे धोका नाही, असेही नाही. पिढ्यानपिढ्या एकाच पोटजातीत, पाच-पन्नास गावांच्या परिघात सोयरिकी झाल्या की दूरचे नाते कागदावर नसले तरी रक्तात असते. निरोगी म्हणवणाऱ्या प्रत्येक माणसात अशा काही सुप्त चुका असतातच. पण घराघरांत हिशेब वेगळाच लावला जातो. ग्रहण पाळले नाही, पोटुशी असताना जड उचलले, दिवस भरत आले तरी माहेरी गेली नाही, असे सगळे आईच्या खात्यावर टाकले जाते. दोष दोघांकडून निम्मा-निम्मा आलेला आहे हे छापील अहवालात दाखवता येते, तेव्हा सासूचा आवाज खाली येतो. जनुकीय तपासणीचा हा फायदा कोणत्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेला नाही.

दुसरा फरक याहून तातडीचा आहे. ताठ किंवा वाकड्यातिकड्या हालचालींच्या या गर्दीत काही आजार असे लपलेले असतात, ज्यांना स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. ‘डोपा’ला प्रतिसाद देणाऱ्या डिस्टोनियात मूल सकाळी बरे चालते आणि संध्याकाळपर्यंत पाय वाकडा होत जातो. झोप झाली की पुन्हा बरे. पार्किन्सनच्या रुग्णांना दिली जाणारी लेव्होडोपाची गोळी थोड्या मात्रेत दिली तर वर्षानुवर्षे आधाराने चालणारे मूल काही दिवसांत मोकळे चालू लागते. म्हणूनच कारण न सापडलेल्या अशा मुलाला तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ही गोळी एकदा देऊन पाहतात. दुसरा आजार विल्सनचा. त्यात बिघाड प्रथिनाच्या वाहतुकीचाच असतो, पण यकृतात. जादा तांबे पित्तात टाकणारे प्रथिन काही रुग्णांत नीट घडी न बसल्याने आंतर्द्रव्यजालिकेतच अडकते. तांबे यकृतात साचते, मग मेंदूत जाते. शाळकरी किंवा कॉलेजच्या वयात अक्षर बिघडते, बोलणे अडखळते, लाळ गळते, हात थरथरतात, स्वभाव बदलतो. पेनिसिलामाइन किंवा झिंक वेळेत सुरू झाले आणि आयुष्यभर चालू राहिले तर हा माणूस कामधंदा करून संसार करू शकतो. एका भावंडात हा आजार सापडला की बाकीच्यांची तपासणी लक्षणे नसतानाही करायची असते, आणि हेच बहुधा राहून जाते.

मोठ्या वयातही हे आजार दिसतात. जर्मन डॉक्टर अ‍ॅडॉल्फ स्ट्रुम्पेल यांनी १८८० मध्ये दोन भावांचे वर्णन केले. दोघांचे पाय हळूहळू ताठ होत गेले होते. आज या गटात ८० हून अधिक जनुकीय प्रकार माहीत आहेत. मोठेपणी सर्वांत जास्त आढळतो तो ‘स्पास्टिन’ या जनुकाचा. हे जनुक १९९९ मध्ये सापडले. वाहतुकीचे ते रूळ कापून त्यांची फेररचना करणे हे स्पास्टिनचे काम. तिशी-चाळिशीतला माणूस चालताना ठेचकाळू लागतो, चपलेचे पुढचे टोक आधी झिजते, जिना उतरताना कठडा लागतो. मानेच्या मणक्याचा दाब, बी-१२ ची कमतरता, पूर्व विदर्भात लाखोळी डाळ खाल्ल्याने होणारा लॅथिरिझम ही सगळी कारणे आधी तपासायला हवीतच. पण ‘वडिलांचेही असेच होते, आमच्यात पायच कच्चे’ असे वाक्य कानावर पडले तर मणक्याच्या शस्त्रक्रियेची घाई करू नये. इथे एकच बिघडलेली प्रत पुरते, म्हणून प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता असते.

टपाल परत आणणारी यंत्रणाही पेशीत आहे. तिला रेट्रोमर म्हणतात आणि तीही यीस्टमध्येच सापडली. तिच्या ‘व्हीपीएस-३५’ या भागातला एक छोटासा बदल २०११ मध्ये स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियातल्या कुटुंबांत आनुवंशिक पार्किन्सनचे कारण म्हणून पुढे आला. हा प्रकार अगदी विरळा. मात्र त्याच्यामुळे नेहमीच्या पार्किन्सनकडेही पेशीतल्या वाहतुकीच्या अंगाने पाहायला सुरुवात झाली.

उपचारांच्या बाबतीत सध्या सर्वाधिक चर्चा आहे ती एसपीजी-५० ची. कॅनडात टोरोंटोतल्या एका लहान मुलाला २०१९ मध्ये हे निदान झाले. औषध कंपन्यांना एवढ्या मोजक्या रुग्णांसाठी औषध करण्यात रस नव्हता. त्याच्या वडिलांनी स्वतः पैसे उभे केले, संशोधक गाठले, आणि निरुपद्रवी विषाणूच्या पोटात जनुकाची चांगली प्रत भरून मार्च २०२२ मध्ये टोरोंटोच्या सिक किड्स रुग्णालयात ती मुलाच्या पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात एकदाच टोचण्यात आली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार वर्षभरात गंभीर दुष्परिणाम झाले नाहीत आणि आजार पुढे सरकणे थांबल्यासारखे दिसले. एका मुलावरून फार बोलू नये. थांबला म्हणजे बरा झाला असेही नव्हे. फुगून गेलेले तंतू परत येत नाहीत, म्हणून असा उपचार जेवढा लवकर तेवढा उपयोगी. इथेच निदानाला लागणारी आठ-दहा वर्षे भारी पडतात. मोबाइलवर ही बातमी वाचून मुलाला घेऊन परदेशी निघण्याची तयारी करणाऱ्या पालकांना हेही सांगायला हवे की ही सुई फक्त चारपैकी एका जनुकासाठी आहे आणि आधी आपल्या मुलाचा प्रकार कोणता हे कळायला हवे.

तोपर्यंत जे हाताशी आहे त्यालाही कमी लेखू नये. रोजचे ताण देण्याचे व्यायाम, वेळेवर पट्ट्या आणि बूट, ताठरपणासाठी बॅक्लोफेन किंवा बोटॉक्सची इंजेक्शने, झटक्यांची औषधे न चुकवणे, गिळताना ठसका लागत असेल तर जेवण भरवण्याची पद्धत बदलणे, यांवर मुलाची पुढची दहा वर्षे अवलंबून असतात. अंगणवाडी आणि शाळांत फिरणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मिळते. २०१६ च्या कायद्यानुसार दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजारही दिव्यांगत्वाच्या यादीत आहेत, त्यामुळे निदान बदलले तर प्रमाणपत्र जाईल ही भीती अनाठायी आहे. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणातले मान्यताप्राप्त केंद्र मुंबईत केईएम रुग्णालयात आहे.

संपूर्ण एक्झोमची तपासणी पूर्वी लाखाच्या घरात जात होती. आता ती काही हजारांत होते, तरी रोजंदारीवरच्या घराला तेही जडच असतात. म्हणून ती कुणाची करायची हे निवडावे लागते. बाळंतपण सुरळीत झालेले, एमआरआयमध्ये जुन्या इजेची खूण नसलेले, येत असलेल्या गोष्टी गमावत चाललेले, आई-वडील नात्यातले किंवा घरात दुसरे मूल तसेच असलेले, यांपैकी दोन गोष्टी जुळल्या तरी पालकांनी ‘जनुकीय तपासणी हवी का’ असे स्पष्ट विचारावे. मूल दोन वर्षांपूर्वी कसे चालत होते त्याचे मोबाइलमधले व्हिडिओ पुसू नयेत. दहा मिनिटांच्या ओपीडीत डॉक्टरला जे दिसत नाही ते त्यात दिसते. अहवालात कधी ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. तो अहवाल टाकून न देता दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचून घ्यायचा असतो, कारण नव्या नोंदींमुळे अर्थ लागू शकतो. आणि दोष नक्की ठरला तर ती गोष्ट मुलाच्या आत्याच्या आणि मामाच्या घरीही कळवायला हवी. तिथली मुले लग्नाच्या वयाला आलेली असतात.